कोरल, फोटोशॉप आणि बाकीचं सगळं: नोकरी-धंदा सांभाळून नाशिकमध्ये डिझाइन शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फोनवर, चहाच्या टपरीवर, संध्याकाळच्या बॅचला, कुठेही विचारले तरी प्रश्न साधारण हेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. लिहिणारा छपाईच्या बाजूचा आहे, तेव्हा वेबसाइट किंवा व्हिडिओवाल्यांना काही ठिकाणी वेगळं वाटेल.

सुरुवात कशाने करू? कोरल, फोटोशॉप की इलस्ट्रेटर?

काम कुठे करायचंय, ते आधी ठरवा. मेन रोड, सिडको, नाशिकरोड, कुठल्याही छोट्या प्रेसमध्ये किंवा फ्लेक्सवाल्याकडे डोकावलंत तर स्क्रीनवर कोरल उघडलेलं दिसेल. लग्नपत्रिका, बिलबुक, लेटरहेड, स्टिकर, फ्लेक्स सगळं त्यातच होतं. कोरलड्रॉ १९८९ मध्ये आलं. आपल्याकडच्या छपाईवाल्यांनी ते एकदा धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. गंगापूर रोडच्या एखाद्या एजन्सीत जायचं असेल किंवा घरी बसून पुण्या-मुंबईचं काम घ्यायचं असेल, तर मात्र इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि इनडिझाइन लागतं. अ‍ॅपच्या आणि वेबसाइटच्या स्क्रीन करायच्या असतील तर फिग्मा.

कोरल आणि इलस्ट्रेटर रेषांवर काम करतात, म्हणजे लोगो, अक्षरं, आकार. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत. फोटोशॉप फोटोसाठी. इनडिझाइन पुस्तकं, मासिकं, कॅटलॉग अशा पानांच्या कामासाठी. तिन्ही एकदम सुरू करणारा माणूस सहा महिन्यांनी तिन्हींत अडखळत असतो. एक पक्कं करा. पेन टूलवर (रेषा आणि वळणं काढायचं साधन) हात बसला की कोरलमधून इलस्ट्रेटरमध्ये जायला फार तर काही आठवडे लागतात, फक्त शॉर्टकट बदलतात.

फोटोशॉपमध्येच व्हिजिटिंग कार्ड केलं तर बिघडतं कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं कार्ड सहसा आधीच बिघडलेलं असतं. फोटोशॉपमध्ये आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या) फाइलवर काळ्या रंगात फोन नंबर टाकला, मग फाइल नेहमीच्या सेटिंगमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) केली, की तो काळा साधारण ७५ टक्के निळा, ६८ मॅजेंटा, ६७ पिवळा आणि ९० काळा असा चार शाईंचा होतो. मशीनवर चार प्लेट एकमेकींवर केसभरही सरकल्या की अंकांना रंगीत सावली येते. सहा-सात पॉइंटच्या अक्षरांत तर मजकूर घाण दिसतो. लहान अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत: बाकी तिन्ही शून्य, काळा १००. कोरलमध्ये हे एका क्लिकचं काम आहे, शिवाय अक्षरं रेषांचीच राहतात. फोटो फोटोशॉपमध्ये नीट करा आणि कार्ड कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये लावा.

क्लास लावू की घरी शिकू?

साधनं फुकट मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केप आणि गिंप या फुकट सॉफ्टवेअरचे धडे आहेत, आणि या प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. त्याच संस्थेचं डी-सोर्स हे संकेतस्थळ डिझाइनचा पाया समजून घ्यायला उत्तम आहे. यूट्यूबवर तर काय, महापूर आहे.

अडचण साधनांची नसतेच. घरी शिकणारा व्हिडिओ बघतो, समजल्यासारखं वाटतं, आणि माउस हातात घेत नाही. क्लासचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे. ठरलेल्या वेळी खुर्चीवर बसावं लागतं, आणि अडलं की शेजारी कोणीतरी असतं. नोड (रेषेवरचा जोडबिंदू) तुटला आहे म्हणून आकारात रंग भरत नाही, हे कळायला एकट्याला रात्र जाते, शेजारी बसलेल्या माणसाला पाच सेकंद लागतात. ही शिस्त आणि असा एखादा ओळखीचा माणूस तुमच्याकडे असेल तर क्लास लावू नका. नसेल तर दोन-तीन महिन्यांचा लावा आणि पुढचं घरी करा. वर्षभराचे मोठे पॅकेज कोर्स नोकरी करणाऱ्याने घेऊ नयेत असं माझं मत आहे, कारण चौथ्या महिन्यानंतर बाकं रिकामी दिसायला लागतात आणि फी तर आधीच भरलेली असते.

क्लास निवडताना काय विचारायचं?

फी विचारण्याआधी तास विचारा. तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, याचे जेमतेम साठ-पासष्ट तास होतात. एवढ्यात एक सॉफ्टवेअर कामापुरतं येतं. त्यातच कोरल, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि वर व्हिडिओ एडिटिंग असं माहितीपत्रकावर छापलेलं असेल, तर भागाकार तुम्हीच करा. मग फीला तासांनी भागा आणि दोन-तीन क्लासची तुलना करा. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर भागात एका दुपारात हे फिरून होतं.

एका कॉम्प्युटरवर किती जण बसतात, ते बॅच चालू असताना जाऊन बघा. शिकवणाऱ्याने गेल्या वर्षभरात छापलेलं काहीतरी दाखवायला सांगा, अगदी मिठाईचा डबा चालेल. स्क्रीनवरची डिझाइनं नकोत, हातात धरता येईल असं काहीतरी. सॉफ्टवेअर परवान्याचं आहे का, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा हसला तर समजून जा.

आणि अभ्यासक्रमात पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर दिसलं तर कारण विचारा. पेजमेकरचं शेवटचं ७.० व्हर्जन २००१ मध्ये आलं. जुन्या फाइली उघडण्यापुरता त्याचा उपयोग अजून होतो, पण ते शिकण्यासाठी आज नव्याने पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

माझी सातपूरला शिफ्ट ड्युटी आहे, दर आठवड्याला बदलते. बॅच कशी जमवायची?

बॅच ठरवतानाच हे सांगा. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही बॅचमध्ये बसू देणारा क्लास मिळाला तरच लावा, नाहीतर सेकंड शिफ्टचा प्रत्येक आठवडा बुडतो आणि मग माणूस येणंच सोडतो. शनिवार-रविवारची तीन-तीन तासांची बॅच अंबड-सातपूरच्या लोकांना जास्त सोयीची पडते. नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका, आधी केलेलंच पुन्हा करा.

मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटतात. सॉफ्टवेअर खराब आहे का?

नाही. हा विषय क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात उरकतात, आणि नाशिकमध्ये पोट भरायचं असेल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे दोन प्रकारचे मराठी फॉन्ट एकत्र नांदतात. पहिले जुने: पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सीडॅकच्या आयएसएममधले फॉन्ट वगैरे. यांत कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त चित्र मराठीचं दिसतं. म्हणून श्रीलिपीतला परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. दुसरे युनिकोड, जे मोबाइलवर असतात. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं युनिकोडमध्ये, आणि प्रेसचा ऑपरेटर बसलेला असतो जुन्या कोरलमध्ये श्रीलिपी लावून. मधे कन्व्हर्टर येतो. कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर ओळीने वाचावाच लागतो. रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य-ऱ्ह या जागा हमखास घसरतात. पत्रिकेत ‘आशीर्वाद’चा रफार भलत्याच अक्षरावर गेला तर सगळं गाव ती पत्रिका वाचतं.

कोरलमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसते ती २०१२ च्या एक्स-६ पासून. त्याआधीच्या व्हर्जनवर युनिकोडशी झटापट करू नका. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पण ती चालू करावी लागते. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचा. इलस्ट्रेटरमध्ये तिथेच इंडिक ऑप्शन्सवर खूण करायची, मग पॅराग्राफ पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा. इनडिझाइनमध्येही पॅराग्राफ पॅनेलमध्येच तो सापडतो. जोडाक्षरं फुटण्याच्या बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

नवीन सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट आला की हे शब्द टाइप करून बघा: त्र्यंबकेश्वर, विठ्ठल, वऱ्हाडी, कॅनडा कॉर्नर, निर्मिती, श्रीकृष्ण. हे नीट आले तर बाकीचं सहसा येतं. त्यानंतर ल आणि श बघा. मराठी वाचकाच्या डोळ्यात बसलेला ल आणि श वेगळा, हिंदी वळणाचा वेगळा. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही दिलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं. पुष्कळ डिझाइनरना हे माहीत नसतं, आणि पत्रिका बघणाऱ्या आजोबांना काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही.

फुकट आणि चांगले फॉन्ट हवे असतील तर ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ घ्या. दोन्ही मोकळ्या परवान्याचे आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामात बिनधास्त वापरता येतात.

टाइपिंगचं म्हणाल तर जीसीसी-टीबीसी या सरकारी टंकलेखन परीक्षेतली मराठी ३० किंवा ४० (मिनिटाला तेवढे शब्द) दिलेला माणूस डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावण्याच्या कामात, पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडतो. रोमन अक्षरं मारून मराठी उमटवणारी पद्धत दोन ओळींपुरती ठीक आहे. ऐंशी पानांच्या स्मरणिकेला ती पुरत नाही.

फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकलो तर चालेल?

शिकायला हो. रेषांच्या कामाला इंकस्केप, फोटोला गिंप, पानांना स्क्रायबस. इंकस्केपमध्ये देवनागरी सुरेख उमटते. ते रंग आरजीबीत धरतं ही त्याची कमतरता, म्हणून छपाईची सीएमवायके पीडीएफ स्क्रायबसमधून काढावी लागते. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी जाहिराती दाखवतं, पण फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, त्यामुळे कमी ताकदीच्या लॅपटॉपवाल्यांचं काम भागतं. कॅनव्हाने २०२४ मध्ये अफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि २०२५ मध्ये ते फुकट केलं. वापरण्याआधी वरची त्र्यंबकेश्वरची यादी त्यात टाइप करून बघा.

मात्र प्रेसमध्ये नोकरी हवी असेल तर शेवटी कोरलवर बसावंच लागेल. त्याची चाचणी आवृत्ती पंधरा दिवस चालते. डाउनलोड अशा वेळी करा की ते पंधरा दिवस तुम्हाला सुट्टी असेल.

आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर?

सगळे वापरतात, हे मलाही माहीत आहे. तरीही नको. क्रॅकबरोबर अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, मग एक दिवस सगळ्या फाइलींची नावं बदलतात आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी येते. गिऱ्हाइकांचं काम घ्यायला लागल्यावर हे परवडत नाही. अडोबी २०१३ पासून वर्गणीवरच मिळतं आणि विद्यार्थ्यांना सवलत असते. कोरल एकरकमीही विकत मिळतं. पहिल्या दोन-चार मोठ्या कामांतून तो खर्च बाजूला काढा.

कॉम्प्युटर कसला घेऊ?

सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि आयपीएस पॅनेलचा मॉनिटर. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरमध्ये वाचवा, रॅममध्ये नको. जुना डेस्कटॉप घेऊन रॅम वाढवली तरी शिकण्यापुरतं झालं. लॅपटॉपच्या टचपॅडवर पेन टूल शिकायचा हट्ट करू नका, साधा माउस आणा.

मॅक लागतोच का?

नाही. आणि कोरलवाल्या प्रेसशी रोजची देवाणघेवाण असेल तर विंडोजच बरं.

मोबाइलवर शिकता येईल?

वाढदिवसाची पोस्ट करता येईल. काम शिकता येणार नाही.

मला चित्र काढता येत नाही. जमेल का?

जमेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांचं प्रमाणाचं भान चांगलं असतं, तेवढा त्यांना फायदा होतो. पण रोजच्या कामात चित्रापेक्षा मांडणी जास्त असते: कुठली ओळ मोठी, कुठली लहान, मोकळी जागा किती. ही नजर वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून येते. रविवारचा अंक घ्या, एक पान निवडा आणि त्यातली जागा पेन्सिलने चौकोनांत वाटून बघा.

वय बेचाळीस आहे, इंग्रजीही यथातथाच. उगाच हसं होईल का?

मेनूतले रोज लागणारे इंग्रजी शब्द शंभराच्या आसपास असतील, आणि ते वाचून नाही, वापरून लक्षात राहतात. वयाचं म्हणाल तर पंचविशीतल्या मुलापेक्षा चाळिशीतल्या बाईला किंवा बुवाला पत्रिकेचा मजकूर जास्त कळतो. कुणाचं नाव आधी घालायचं, ‘कै.’ कुठे आणि ‘चि. सौ. कां.’ कुठे, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. घर सांभाळून दुपारी दोन तास डीटीपी करणाऱ्या, प्रेसचं मॅटर घरी घेऊन बसणाऱ्या बायका पंचवटीत, सिडकोत कितीतरी आहेत.

सराव कशावर करू?

यूट्यूबवरच्या ‘मॉडर्न लोगो’वर नको. घरात पडलेल्या छापील वस्तूंवर करा. एक पत्रिका घ्या, पट्टीने मोजा आणि मोजून त्याच मापात पुन्हा बनवा. त्यावरचा गणपती ऑटो-ट्रेसने (चित्रावरून आपोआप रेषा काढणाऱ्या सोयीने) काढू नका. ऑटो-ट्रेस शेकडो नोड टाकतं, रेषा थरथरल्यासारखी दिसते आणि तीच फाइल रेडियम कटिंगच्या प्लॉटरवर गेली की ब्लेड जागोजागी अडखळतं. हाताने, कमीत कमी नोडमध्ये काढा. वळण जिथे बदलतं तिथेच नोड हवा.

पुढे चिवड्याचं पाकीट करा. नाशिकमध्ये याला तोटा नाही. वजन, किंमत, घटक, पोषणमूल्यं, बॅच नंबर, तारखा, उत्पादकाचा पत्ता, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, हे सगळं मागच्या बाजूला वाचता येईल असं बसवून दाखवा. बारकोड पांढऱ्यावर काळाच ठेवा. लाल पट्ट्या सुंदर दिसतात, पण स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या दिसतच नाहीत. मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली बारकोड नेऊ नका आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका.

द्राक्षांचा खोका हा तिसरा धडा. पन्हाळी पुठ्ठ्यावर रबराच्या प्लेटने एक-दोन रंगांत छपाई होते, शाई पसरते, बारीक रेषा भरून जातात. पडद्यावर देखणा दिसणारा नाजूक फॉन्ट तिथे चिखल होतो. ठसठशीत अक्षर आणि मोजके रंग एवढंच तिथे टिकतं.

चौथा फ्लेक्स. नवशिका हमखास ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरतो. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तरी ८६४० गुणिले १७२८० पिक्सेल होतात, सीएमवायकेमध्ये उघडी फाइल साधारण ६०० एमबी. तीच ३०० ला केली तर १० जीबीच्या वर जाते आणि कॉम्प्युटर झोपतो. रस्त्यावरून वीस फुटांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात दिशादर्शक फलकांपासून भाविकांच्या माहितीपत्रकांपर्यंत बरंच काम निघेल, त्याआधी हे गणित हातात बसलेलं बरं.

एआय आल्यावर हे शिकण्यात अर्थ आहे का?

फोटोची पार्श्वभूमी काढणं, मागचा आकाशाचा तुकडा वाढवणं ही कामं एआयने खरंच सोपी केली आहेत, ती वापरा. पण एआयने दिलेलं पोस्टर हे पिक्सेलचं चित्र असतं. त्यात फोन नंबर बदलायचा, तीन मिलिमीटर ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर सोडलेली छपाई) द्यायचं, दोन रंगांच्या प्लेट काढायच्या म्हटलं की पुन्हा बसावं लागतं. मराठी मजकूर तर एआयच्या चित्रातून कधीच थेट घेऊ नका, वेगळा टाइप करा. काम कमी होईल ते ‘दादा, एक वाढदिवसाचा बॅनर टाक’ या प्रकारचं. त्यात पैसे तसेही नव्हते.

सर्टिफिकेटला किंमत आहे का?

प्रेसवाला सर्टिफिकेट बघत नाही. तो म्हणतो, ‘बस, एक बिलबुक लावून दाखव.’ सरकारी किंवा निमसरकारी जागेसाठी अर्ज करायचा असेल तर मात्र जाहिरातीत मागितलेलीच परीक्षा लागते, मग ती टंकलेखनाची असो, एमएस-सीआयटी असो वा आयटीआयचा ट्रेड. आपल्याच शहरातल्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी करत पदवी पुरी करता येते, पण पदवी आणि हातातलं काम या दोन वेगळ्या गोष्टी धरून चला.

प्रेसला फाइल देताना काय काय विचारायचं?

तुमच्याकडे कोरलचं कुठलं व्हर्जन आहे, हे पहिलं. व्हर्जन खाली करून सेव्ह केलं की सावल्या आणि पारदर्शक भाग कधीकधी बदलतात, म्हणून ती फाइल पुन्हा उघडून बघा. सोबत पीडीएफ द्या. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. पण कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे वेगळ्या नावाने ठेवा, कारण रात्री अकराला गिऱ्हाइकाचा फोन येतोच: मामांचं नाव राहिलं.

शिकताना प्रेसमध्ये बसू देतात का?

ओळखीने देतात, आणि शिकण्याची याहून चांगली जागा नाही. महिनाभर नुसतं कटिंग, क्रीजिंग आणि प्लेट लावणं बघितलं तरी ब्लीड का सोडायचं हे वेगळं शिकावं लागत नाही. फक्त वेळ बघून जा. लग्नसराईत, दिवाळीच्या तोंडावर आणि निवडणुकीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. पितृपक्षात लग्नाच्या, उद्घाटनाच्या पत्रिका नसतात, तेव्हा दुपारी तीननंतर जा आणि जाताना आपली एक फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ऑपरेटरला आधी चहा सांगा, मग फाइल उघडायला सांगा.